नाकाचा सौदा

थोरलीची नोकरी गेल्याची बातमी घरात आली तेव्हा बाबा शिडीवर होते आणि त्यांच्या हातातल्या ब्रशमधून पिवळा रंग टपटपत होता.

रंगाऱ्याने दोनदा शब्द देऊन दोनदा तोंड लपवलं होतं. म्हणून शनिवारी सकाळी बाबांनी स्वतःच बैठकीची खोली रंगवायला काढली. सगळं सामान खोलीच्या मध्यभागी ढकललेलं, त्यावर जुन्या चादरी, आणि त्या डोंगराच्या कडेला, सोफ्याच्या उघड्या राहिलेल्या कोपऱ्यात मावशी बसलेली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचं उभं आयुष्य नाटकात गेलं, पण उजेडात नाही; विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवण्यात. ती सवय अजून गेलेली नव्हती. बाबांनी ब्रश उचलला की ती म्हणायची, "आता डावीकडे, भाऊजी."

दार उघडंच होतं. थोरली आत आली, भिंतीकडे बघितलं आणि नाक मुरडलं.

"बाबा, हा रंग शिळा आहे. मासळीसारखा वास मारतोय. आणि माझी नोकरी गेली."

एवढं बोलून ती हसायला लागली. साधंसुधं हसणं नव्हे. पोट धरून, भिंतीला टेकून. भिंत ओली आहे हे तिला पाठ पिवळी झाल्यावर कळलं, आणि मग ती आणखीच हसली.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? ही रडतेय की हसतेय?"

"दोन्ही नाही," मावशी म्हणाली. "हिला झटका बसलाय. आमच्या नाटकात एकीला असंच व्हायचं, दुसऱ्या अंकात."

"मला काहीही झालेलं नाही," थोरली डोळे पुसत म्हणाली. "काल संध्याकाळी मला बोलावलं. प्रयोगशाळा बंद करणार म्हणे. सुगंध आता बाहेरून तयार आणणार, पिंपात भरून. मी विचारलं, मग मी? तर व्यवस्थापक म्हणाले, आपण परस्पर संमतीने वेगळे होऊ या. अगं आई, घटस्फोट घेतात तसं! माझं लग्न कधी लागलं होतं त्या माणसाशी?"

आणि पुन्हा हसू. या वेळी मावशीलाही लागण झाली.

बाबा मात्र शिडीवर ताठ उभे होते. तो कारखाना साबणाचा. तिथे आजोबांनी जन्मभर कढया ढवळल्या. बाबांनी बॉयलर सांभाळला आणि बॉयलरपेक्षा जास्त तापलेली कामगार संघटना सांभाळली. मग थोरली गेली ती थेट प्रयोगशाळेत, पांढरा कोट घालून, निव्वळ नाकाच्या जोरावर. शेजारच्या घरात दूध उतू जायच्या आधी तिला कळायचं. बाजारात मिळणाऱ्या निम्म्या साबणांचा वास तिच्या डोक्यातून निघालेला होता.

"सोमवारी गेटवर बसू," बाबा म्हणाले. "मी माणसं जमवतो."

"कोणती माणसं, अहो?" आई म्हणाली. "तुमच्या वेळच्या निम्म्यांना जिना चढवत नाही. गेटवर बसले तर उठवायला कोण जाणार?"

"मग काय, गप्प बसायचं?"

"सही करून मोकळं व्हायचं. पैसे देतायत ना? किती देतायत गं?"

"तीन महिन्यांचा पगार. सद्भावना म्हणून. सोमवारी सकाळी कागदावर सही करायची." थोरलीने पर्समधून घडी केलेले कागद काढले आणि पंख्यासारखे हलवले. "आणि खरं सांगू? मी करणार आहे. काल घरी जाताना मला एकदम असं वाटलं, शाळा सुटली! आता मी माझं काहीतरी करणार. छोटीशी खोली, चार बाटल्या, आणि एकेका माणसाचा एकेक सुगंध. किती वर्षं मनात आहे माझ्या. रात्रभर नावं सुचतायत मला."

ही गोष्ट तिने आजवर कुणालाच सांगितलेली नव्हती. आईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पैशांचं पुढचं वाक्य गिळलं.

"सही करायच्या आधी त्याला दाखव," आई म्हणाली. "मी आत्ता फोन करते. येईल तो."

बाबांचा ब्रश भिंतीवरच थांबला.

'तो' म्हणजे धाकटा. थोरलीचा भाऊ, बाबांचा एकुलता मुलगा, एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभागात अधिकारी. घरातल्या भाषेत, माणसं ठेवणारा आणि माणसं काढणारा. मागच्या वर्षी त्याच्या कंपनीने एक अख्खा विभाग मोडीत काढला, त्यात बाबांच्या जुन्या मित्राचा मुलगा गेला, आणि पत्रावर सही धाकट्याची होती. तेव्हापासून बाबा त्याच्याशी सरळ बोलत नव्हते. बोलायचं झालं तर आईच्या मार्फत, तोही त्याच खोलीत बसलेला असताना.

"ज्याने कुऱ्हाड चालवायची," बाबा म्हणाले, "त्यालाच झाडाची काळजी विचारायची?"

"कुऱ्हाड कुठे लागते ते त्यालाच माहीत असतं," आई म्हणाली आणि आत गेली.

धाकटा पांढरा शर्ट घालून आला आणि दारातच त्याच्या खांद्यावर पिवळा थेंब पडला. तो चुकून पडला की नाही, हे शिडीवरच्या माणसालाच ठाऊक.

"ताई, कागद."

तो चादरीच्या डोंगराला टेकून वाचू लागला. वाचताना त्याचा चेहरा बदलत गेला. घरात कुणी त्याला काम करताना कधी बघितलं नव्हतं. थोरलीला वाटलं, हा लहानपणी कोडी सोडवायचा तेव्हा असाच दिसायचा, जिभेचं टोक बाहेर.

"कामावर लागलीस तेव्हाचा मूळ करार?"

"त्याच पर्समध्ये. नोकरीचे सगळे कागद एकत्रच उचलून आणलेत."

तो दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ खाली-वर बघत राहिला. मग शिट्टी वाजवली.

"चांगलं लिहिलंय."

"कसं चांगलं?" मावशी म्हणाली.

"लिहिणाऱ्याच्या बाजूने चांगलं. ताई, इथे बस. तुझ्या मूळ करारात काय आहे बघ. कंपनीला तुला काढायचं असेल तर तीन महिने आधी सांगायचं, नाहीतर तीन महिन्यांचा पगार द्यायचा. ते जे सद्भावना म्हणून देतायत ना, ते तुझंच आहे. तुझीच साडी तुलाच आहेर."

"अगंबाई," आई दारातून म्हणाली.

"पुढे ऐक. तुझं पदच रद्द झालं, तर नोकरीच्या दर वर्षामागे एक महिन्याचा पगार भरपाई. वेगळी. प्रयोगशाळा बंद करतायत म्हणजे पद रद्द झालं. पण नव्या कागदात बघ काय लिहिलंय: 'मी स्वेच्छेने, परस्पर संमतीने सेवा सोडत आहे.' स्वेच्छेने सोडलीस की पद रद्द झालंच नाही. भरपाईही नाही. आणि शेवटी हे: 'यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही.' म्हणजे नंतर अक्कल आली तरी उपयोग नाही."

थोरली अजून हसतच होती. "जाऊ दे रे. पैशांचं काय एवढं? मी मोकळी झाले ना."

धाकट्याने पान उलटलं. त्याला ते वाचून दाखवायचं नव्हतं, पण वाचलं.

"'सेवासमाप्तीनंतर तीन वर्षं मी सुगंध, अत्तर, साबण वा तत्सम व्यवसायात स्वतः किंवा कुणामार्फत, पगारी किंवा बिनपगारी, कोणतंही काम करणार नाही.' हे मूळ करारात नाही. हे आत्ता घातलंय."

थोरलीचं हसणं मधेच तुटलं. नळाचं पाणी एकदम जावं तसं.

"म्हणजे छोटी खोली?"

"नाही."

"चार बाटल्या?"

"नाही, ताई."

"तीन वर्षं मी काय करू? नाकाला चिमटा लावून बसू?"

रात्रभर सुचलेली नावं एकेक करून तिच्या चेहऱ्यावरून उतरताना सगळ्यांना दिसली. आणि सही करून मोकळं व्हायला सांगणारी आई पदर खोचून पुढे आली.

"नाक माझ्या पोटातून आलंय," आई म्हणाली. "त्यांनी दिलेलं नाही. सही करायची नाही!"

बाबा शिडीवरून उतरले. हळूहळू, एकेक पायरी. धाकट्यासमोर उभे राहिले आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"तूही असंच लिहितोस?"

धाकट्याला उत्तर टाळता आलं असतं. मध्ये आई होती, मावशी होती, रंगाचा डबा होता. "काही कलमं अशीच असतात," तो म्हणाला. "हे तीन वर्षांचं मी कधी लिहिलेलं नाही. पण लिहायला सांगितलं असतं तर लिहिलं असतं, बाबा. नंतर झोप लागली नसती एवढंच."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि त्याच्या खांद्यावरचा थेंब पुसायला गेले. डाग आणखी पसरला.

"राहू दे," धाकटा म्हणाला.

"राहू दे," बाबाही म्हणाले. "आता सांग, हे कलम पाडायचं कसं?"

तालमीची कल्पना अर्थातच मावशीची. "सोमवारी ही तिथे जाणार, तो व्यवस्थापक गोड बोलणार, आणि ही दोन मिनिटांत 'बरं, चालेल' म्हणून सही करून येणार. मी ओळखते हिला. वाक्यं बसली पाहिजेत!"

तर चादरीच्या डोंगरातून एक टेबल उपसलं. त्याच्या एका बाजूला व्यवस्थापक म्हणून धाकटा, समोर थोरली.

"या, बसा," धाकटा म्हणाला. "तुम्ही कागद सही करून आणलेच असतील."

"नाही, म्हणजे… मला जरा असं वाटत होतं… तुमची हरकत नसेल तर…"

"थांबा!" मावशी ओरडली. "हरकत असलीच पाहिजे त्याची! हरकत नसती तर तू कशाला गेली असतीस? पुन्हा."

दुसऱ्या खेपेला थोरलीने धाकट्याच्या शर्टावरचा पसरलेला पिवळा डाग बघितला आणि तिला पुन्हा हसू फुटलं. तिसऱ्या खेपेला आईने मध्येच सरबत आणून व्यवस्थापकाला दिलं. "त्याला कशाला देतेस, तो शत्रू आहे," मावशी म्हणाली. "शत्रू असला तरी उन्हातून आलाय," आई म्हणाली.

"तू फार मऊ व्यवस्थापक आहेस," बाबा अखेर म्हणाले. "उठ. मी बसतो."

आणि बाबा बसले. पाठ टेकवली, बोटांची टोकं एकमेकांना लावली, चष्म्याच्या वरून बघितलं. जन्मभर ज्यांच्या समोर बसले, त्या साऱ्या व्यवस्थापकांची मिळून एकच मूर्ती त्यांच्या अंगात आली.

"हे बघा," ते लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "आपण सगळे शेवटी एक कुटुंबच आहोत."

मावशी हसता हसता सोफ्यावरून घसरली.

थोरलीने विचारलं, बाबांनी नाकारलं. तिने करार दाखवला, बाबांनी खेद व्यक्त केला. तिने तीन वर्षांच्या कलमाचा विषय काढला, तर बाबांनी घड्याळाकडे बघितलं. थोरली हतबल झाली. तिच्या मागे उभ्या असलेल्या धाकट्याला ते बघवेना. तो पुढे आला आणि त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की रंगाच्या डब्याचं झाकण उडालं.

"पद तुम्ही रद्द केलंत! राजीनामा आम्ही का द्यायचा? मूळ करारात नाही ते कलम आम्ही मानत नाही! सही होणार नाही!"

ओरडून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो अगदी बाबांचा आवाज होता, गेटवरचा, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलेला. आणि खुर्चीत बसलेले बाबा, बोटांची टोकं तशीच जुळलेली, म्हणाले, "आपला आवाज जरा खाली ठेवा," आणि मग त्यांनाच राहवेना. ते हसले. कॉलर धरून, खोकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाप व्यवस्थापक, मुलगा पुढारी. आईने दोघांकडे बघितलं आणि काहीतरी उतू चाललंय असं सांगून ती स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

हसणं ओसरल्यावर धाकटा थोरलीजवळ बसला. "तू ओरडू नकोस," तो म्हणाला. "तीन गोष्टी मागायच्या. 'पद रद्द' असे शब्द. त्याची भरपाई. आणि ते कलम बाद. शिवाय हातात एक गोष्ट अशी ठेव, जी सोडता येईल. समोरच्याला काहीतरी जिंकून घरी जायचं असतं."

"आणि ते म्हणाले, आत्ताच सही करा?"

"म्हणायचं, वाचून करीन. घाई त्यांना आहे, तुला नाही."

सोमवारी कारखान्यातली ती खोली थंडगार होती. लांब टेबल, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येणार हे धरून ठेवलेला कागदी रुमालांचा खोका. एका बाजूला व्यवस्थापक, शेजारी कंपनीची वकीलबाई. वकीलबाईंच्या मनगटावर कारखान्याच्याच साबणाचा वास होता, आणि तो वास स्वतः थोरलीने जुळवलेला होता. त्यामुळे तिला उगाच धीर आला.

"या, या," व्यवस्थापक म्हणाले. बोटांची टोकं जुळवली. "हे बघा, आपण सगळे शेवटी एक कुटुंबच आहोत."

अक्षराला अक्षर! थोरलीने ओठ दातांखाली दाबले. नाकातून एक विचित्र आवाज निघालाच. व्यवस्थापकांनी घाईघाईने रुमालांचा खोका पुढे सरकवला. तिने रुमाल घेतला, तोंडावर धरला, खांदे गदागदा हलले.

"तुम्हाला वेळ हवा असेल तर…"

"नको," ती रुमाल खाली ठेवत म्हणाली. तिचा चेहरा लाल आणि प्रसन्न होता, आणि त्यामुळे समोरचे दोघेही गोंधळले. "मी सही करणारच आहे. फक्त या कागदावर नाही. मी स्वेच्छेने जात नाहीये. तुम्ही माझं पद रद्द करताय. तसं लिहा, आणि मूळ करारात आहे ती भरपाई लिहा."

"आम्ही सद्भावनेने तीन महिन्यांचा…"

"तो सूचनाकाळाचा पगार आहे. तो माझाच आहे."

वकीलबाईंनी मूळ करार चाळला आणि व्यवस्थापकांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. व्यवस्थापक अर्धा तास लोण्यासारखे बोलले, मग जरा कमी लोण्यासारखे. पण शब्द बदलले. भरपाई मान्य झाली.

"तीन वर्षांचं कलम मात्र राहील," ते म्हणाले. "आमची सूत्रं तुमच्या डोक्यात आहेत."

"तुमची सूत्रं मी कुणाला देणार नाही. ते लिहून घ्या, मी आनंदाने सही करते. पण नाक माझं आहे. ते घेऊन मी कुठे जायचं हे तुम्ही नाही ठरवायचं."

व्यवस्थापक मागे टेकले. "ठीक. मग एक करा. कलम काढतो, पण तो सूचनाकाळाचा पगार सोडा. दोन्ही मिळणार नाही."

हातात ठेवलेली गोष्ट हीच, हे तिला कळलं. धाकट्याने सांगितलं असतं, थांब, पाणी पी, खिडकीबाहेर बघ. ती पाणी प्यायली नाही.

"काढा," ती म्हणाली. "माझ्यासमोर काढा."

नवा कागद छापून आला. तिने तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, एकदा नव्हे, दोनदा. समोरचे दोघं घड्याळ बघत राहिले. मग तिने सही केली, इतकी मोठी की ती ओळीखाली गेली.

गेटवरच्या पहारेकऱ्याने तिचं ओळखपत्र हातात घेतलं आणि सवयीने म्हणाला, "उद्या भेटू, बाई."

"नाही भेटणार!" थोरली म्हणाली. ते असं काही खणखणीत आनंदाने, की तोही हसला आणि मग का हसलो म्हणून गोंधळला.

रस्त्याच्या पलीकडे धाकट्याची गाडी उभी होती. पुढे धाकटा आणि बाबा, मागे आई आणि मावशी, चौघंही एकाच वेळी बोलत होते. तिने दार उघडलं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले.

"पद रद्द," ती म्हणाली. "भरपाई मिळाली. कलम गेलं. तीन महिन्यांचा पगार सोडला."

मावशीने टाळ्या वाजवल्या. आईने तिला आत ओढून तिचे गाल धरले. धाकटा मात्र मागे वळून म्हणाला, "ताई, आणखी जरा ताणलं असतंस तर दोन्ही मिळालं असतं."

"तुझं नाक होतं का?" बाबा म्हणाले. "तिचं नाक, तिचा सौदा. मी इतक्या वाटाघाटी केल्या, एकाही खोलीतून असं हसत बाहेर आलो नाही."

थोरली आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. उद्या सकाळी कुठेही जायचं नाही. उद्या सकाळी कुठेही जाता येईल. दोन्ही विचार एकाच वेळी आले आणि तिला पुन्हा हसू यायला लागलं, हळूहळू, पोटातून वर. मावशीला ते दिसलं आणि तिचंही सुरू झालं.

बाबा समोर बघत होते. मग त्यांनी धाकट्याकडे मान वळवली.

"तुझ्या करारात काय लिहिलंय? तुला काढलं तर?"

धाकट्याने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, पण जागची हलली नाही.

"अरे, विचारतोय ना?"

"मी…" धाकट्याचे कान लाल झाले. "मी वाचला नाहीये. सही करताना घाई होती."

मागच्या सीटवर थोरली इतकी मोठ्याने हसली की पलीकडचा पहारेकरी वळून बघायला लागला. आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी सगळ्यांना हसू दिलं. वर्षभर ते त्या मुलाच्या घराचा जिना चढले नव्हते.

"गाडी तुझ्या घराकडे घे," ते म्हणाले. "कागद काढ. वाचून झाल्याशिवाय मी तिथून हलणार नाही."